आतड्यांतील जीवाणू आणि वृद्धनिवासांतील मूत्रमार्गसंसर्ग

वृद्धनिवासांतील ज्येष्ठांना होणाऱ्या मूत्रमार्गसंसर्गाचे जीवाणू बहुधा त्यांच्याच आतड्यांतून आलेले असतात. त्यांत प्रमुख असलेला ई. कोलाय हा जीवाणू बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या विष्ठेतून वर्णिला. गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवरून मूत्रमार्गात शिरल्यावर तो आपल्या केसासारख्या तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो, त्यामुळे लघवीबरोबर वाहून जात नाही. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असतो; शिवाय रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटून योनीतील लॅक्टोबॅसिलस हे रक्षक जीवाणू कमी होतात. पुरुषांत वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीमुळे लघवी साचून राहते. लघवीसाठी नळी (कॅथेटर) घातलेली असल्यास धोका दिवसागणिक वाढतो.

आयर्लंडमधील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दीर्घकाळ संस्थेत राहणाऱ्या वृद्धांच्या आतड्यांतील जीवाणूंचे वैविध्य घरी राहणाऱ्यांपेक्षा कमी आढळले आणि त्याचा संबंध आहाराशी दिसला. वारंवार दिलेल्या प्रतिजैविकांनी हे वैविध्य आणखी खालावते, आणि औषधाला न जुमानणारे ई. कोलाय व क्लेबसिएला या जीवाणूंना आतड्यांत मोकळे रान मिळते.

म्हणूनच अनावश्यक उपचार हा येथील कळीचा प्रश्न आहे. अशा संस्थांतील सुमारे २५ ते ५० टक्के स्त्रियांच्या लघवीत कोणतेही लक्षण नसताना जीवाणू सापडतात, आणि त्यांना प्रतिजैविक देऊ नये असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तरीही आजी जरा असंबद्ध बोलू लागल्या की लघवीचे कल्चर (जीवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) करून गोळ्या सुरू होतात. ताप, जळजळ किंवा ओटीपोटात दुखणे नसेल तर आधी शरीरातील पाणी, बद्धकोष्ठ आणि चालू औषधे तपासणे अधिक शहाणपणाचे.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या इंदूरमध्ये पाण्याचा मुद्दा विशेष गंभीर ठरतो, कारण रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी टाळणारे ज्येष्ठ पुष्कळ असतात. ‘उन्हाळी लागली’ म्हणून मराठी घरांत धने-जिऱ्याचे पाणी दिले जाते. त्यातील उपयुक्त भाग मुख्यतः पाणीच असावा. डायपर बदलणाऱ्या मावशींनी नेहमी पुढून मागे पुसावे आणि दर वेळी कापडाची स्वच्छ बाजू घ्यावी.

अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांवरील २०१६ च्या चाचणीत हा संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या क्रॅनबेरी या आंबट फळाच्या कॅप्सूलचा लक्षणीय लाभ दिसला नाही. रजोनिवृत्तीनंतर वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत मात्र योनीत लावायच्या इस्ट्रोजेन मलमाने त्याचे प्रमाण घटते.