घेवड्याची साक्ष

ढिगात टाकलं की सगळं कुजतं, असं आपण धरूनच चालतो. पालापाचोळा, शेण, भाजीची देठं, सगळं वर्षभराने काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत होऊन बाहेर पडतं. बहुतेक वेळा हा भरवसा खोटा ठरत नाही. ढिगाच्या पोटात तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढतं, तणांचं बी मरतं, रोगजंतू मरतात. बरीचशी रासायनिक औषधंही जिवाणू आणि बुरशी फोडून टाकतात. 2,4-डीसारखं जुनं तणनाशक नीट हवा खेळवलेल्या ढिगात काही आठवड्यांत बरंचसं संपतं.

त्यामुळे 2000 सालाच्या सुमारास अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले कंपोस्टवाले चक्रावून गेले. स्पोकेन शहराचं कंपोस्ट घातलेल्या बागांमध्ये टोमॅटोचे शेंडे पिळवटले, घेवडा-वाटाण्याची पानं द्रोणासारखी मुडपली. पुलमनच्या विद्यापीठातल्या कंपोस्टचंही तेच. शोध घेता घेता माग लागला तो डाऊ ॲग्रोसायन्सेस कंपनीच्या क्लोपायरॅलिड या तणनाशकाचा. हिरवळीवर ते फवारलं, हिरवळ कापली, कापलेलं गवत ढिगात गेलं. ढिगातून ते तसंच्या तसं बाहेर आलं.

या रेणूची करामत अशी की तो झाडाच्या ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाचं सोंग घेतो. रुंद पानांची झाडं फसतात, वेडीवाकडी वाढतात आणि मरतात. गवताला फारसं काही होत नाही. कुरणासाठी यापेक्षा सोयीचं काय? शिवाय जनावराला त्याचा त्रास जवळजवळ नाही, कारण ते अंगात मोडतच नाही, शेण-मूत्रावाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. कंपनीने सुरक्षिततेचा पुरावा म्हणून मांडलेला हाच गुण खताच्या दृष्टीने घातक ठरतो.

मात्रा ऐकली की विश्वास बसत नाही. खतात अब्जात काही मोजके भाग असले, तरी घेवडा मुडपतो. अब्जात एक भाग म्हणजे हजार टन खतात एक ग्रॅम. दहा टनी शंभर ट्रक खतात चिमूटभर. त्यात ढीग कुजताना आटतो, निम्म्यावर येतो, आणि न मोडलेला रेणू उरलेल्या खतात उलट दाट होत जातो. उघड्या, हवेशीर मातीत जिवाणू तो महिन्यांत मोडू शकतात. पण गवताच्या काडीतल्या लिग्निनला (काडीला कडकपणा देणाऱ्या घटकाला) चिकटून बसला की त्यांचा हात तिथे पोचत नाही. पुढे वाफ्यात ती काडी कुजते तेव्हा तो मोकळा होतो, नेमका रोपाच्या मुळाशी.

2002 मध्ये वॉशिंग्टन राज्याने हिरवळीवरचा वापर आवळला आणि कंपनीनेही घरगुती हिरवळीसाठीचा वापर मागे घेतला. प्रकरण तिथे मिटायला हवं होतं. पण तोवर त्याच कुळातला अमिनोपायरॅलिड बाजाराच्या वाटेवर होता. 2008 च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधल्या भाड्याच्या भाजीवाफ्यांवर बटाटे, टोमॅटो, घेवडा सगळं वाकडं निघालं. लोकांनी विश्वासाने आणलेलं शेणखत फवारलेल्या कुरणाच्या गवतावर पोसलेल्या जनावरांचं होतं. जुलैमध्ये तिथे परवानगी थांबवली गेली. पुढच्या वर्षी अटींसह ती परतही मिळाली.

त्या अटी मला या सगळ्या गोष्टीचं मर्म वाटतात. लेबलवर लिहिलेलं असतं की अशा कुरणातलं खत बाहेर देऊ नका. म्हणजे सूचना डब्यावर, आणि खत मात्र डब्यापासून चार हात पुढे गेलेलं: फवारणारा एक, गवत विकणारा दुसरा, घोडे पाळणारा तिसरा, खत नेणारा चौथा. लेबल वाचलं ते पहिल्याने, पीक गेलं ते चौथ्याचं. कंपनीने नियम मोडलाच नाही, असं म्हणायला ती मोकळी. प्रयोगशाळेत इतक्या सूक्ष्म मात्रेची तपासणी स्वस्त नसते, आणि तिचा खर्च तणनाशक विकणाऱ्याच्या माथी नाही, खत बनवणाऱ्याच्या माथी पडतो.

विदर्भातल्या कापूस उत्पादकाला मुडपलेल्या पानांचं नवल वाटणार नाही. शेजारी 2,4-डी फवारलं आणि वारा फिरला की कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरत जातात. रासायनिक कूळ वेगळं, पण ऑक्सिनचं सोंग तेच. शिवाय वाटही वेगळी: 2,4-डी वाऱ्याने येतं. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड खताच्या पोत्यातून येतात.

ओळखायचा स्वस्त मार्ग मात्र आहे, आणि तो घेवड्याचाच. संशयित खत निम्म्या-निम्म्या प्रमाणात चांगल्या मातीत मिसळून तीन-चार कुंड्या भरायच्या. तितक्याच कुंड्या नुसत्या चांगल्या मातीच्या. दोन्हीकडे घेवडा किंवा वाटाणा पेरायचा, पाणी सारखं, ऊन सारखं. तिसरी खरी पानं (बीजदलांनंतरची) येईपर्यंत, साधारण तीन आठवडे, थांबायचं. एका रांगेतली पानं सपाट आणि दुसऱ्या रांगेतली द्रोणासारखी वळलेली दिसली, तर ते खत भाजीच्या वाफ्यात घालायचं नाही.