दशावतारी जत्रा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, गोव्यातील पेडण्यात आणि लगतच्या गावांत कार्तिकापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत देवळादेवळांत भरणारा वार्षिक उत्सव. देवाची पालखी, रात्रभराचे दशावतारी नाटक आणि पहाटेचा दहीकाला ही त्याची मुख्य अंगे. मालवणीत याला ‘जत्रा’ किंवा ‘धयकालो’ म्हणतात, गोव्याकडे ‘कालो’. सुट्टीत कोकणात येणाऱ्याला नाटक, देऊळ, खाऊ आणि बाजार एकाच रात्रीत, एकाच आवारात भेटतात. मात्र हा पाहुण्यांसाठी रचलेला कार्यक्रम नाही. तो गावाने आपल्या देवापुढे करायचा वार्षिक विधी आहे, आणि त्याची वेळ, लांबी, शिस्त सगळे त्यावरूनच ठरते.

तिथी आणि तारीख

जत्रा तिथीवर बांधलेली असते. गेल्या वर्षीची तारीख पाहून गाडीचे आरक्षण केले तर बहुतेक वेळा फसगत होते. कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीला, सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. मसुरे-आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला तर तिथीही नाही. देवीचा कौल झाला की दिवस ठरतो, आणि मग मुंबईतल्या चाकरमान्यांची तिकिटांसाठी धावपळ सुरू होते. तिच्यासाठी जादा एस.टी. आणि रेल्वेगाड्या सोडाव्या लागतात, इतकी गर्दी असते. नाटक नीट पाहायचे असेल तर या मोठ्या जत्रा टाळलेल्या बऱ्या. रांगेतच रात्र सरते. कुडाळ, वेंगुर्ले किंवा सावंतवाडी तालुक्यातल्या एखाद्या लहान वाडीची जत्रा गाठावी. तिथे मंचापासून दहा हातांवर मांडी घालून बसता येते.

दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांचा अंदाज हमखास चुकतो. दिवाळी आश्विन अमावास्येच्या आसपास, आणि जत्रांचा हंगाम भरात येतो तो कार्तिकी पौर्णिमेनंतर. सुट्टी निदान दोन आठवडे पुढे ढकलता आली तरच मेळ बसतो. नाताळच्या सुट्टीला ही अडचण नाही.

रात्रीचा क्रम

संध्याकाळपासून ओटी भरणे, नारळ-केळी ठेवणे, नवस फेडणे चालू असते. मानकऱ्यांचा मान आधी, बाकीच्यांची पाळी नंतर. रात्री उशिरा ढोलताशांच्या गजरात पालखी देवळाला प्रदक्षिणा घालते. काही गावांत देवाची तरंगे, म्हणजे वस्त्रे नेसवलेले उंच खांबही बाहेर निघतात. पालखी बसली की नाटकाची घंटा. हे घडेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. जेवून नऊला येऊन बसणारे पाहुणे कंटाळून साडेअकराला निघून जातात आणि जे पाहायला आले तेच त्यांचे हुकते. दुपारी झोप काढून, घोंगडी किंवा जाड चादर घेऊन यावे. माघ-फाल्गुनातही पहाटे दव पडते आणि अंगावरचे कपडे ओलसर होतात.

आडदशावतार

नाटकाचे दोन भाग : आडदशावतार हा पूर्वरंग, आख्यान हा उत्तररंग. आडदशावतारात सूत्रधार गायन सुरू करतो. लाकडी मुखवटा लावलेला गणपती ऋद्धि-सिद्धींसह येतो, भटजी त्याची पूजा करतो, मग मोरावरची सरस्वती, मग ब्रह्मदेव. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा संकासुर हे या भागाचे खरे आकर्षण. डोक्यापासून काळा वेष, काळा बुरखा आणि त्यावर लोंबणारी लाल जीभ. इतर पात्रे प्रमाण मराठी बोलत असताना हा शुद्ध मालवणीत गावातल्या ताज्या घडामोडींवर टोले मारतो. लहान मुले त्याला घाबरतात आणि त्याचीच वाट बघतात. शेवटी विष्णू त्याचा वध करून वेद परत आणतो. नाव दशावतार असले तरी दहाही अवतार मंचावर येत नाहीत. मत्स्यावताराची ही कथाच सगळ्यांच्या वतीने उभी राहते.

हा क्रम जुना आहे. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळाचा आणि त्यात सुंदर नारी होऊन नाचणाऱ्या पुरुषांचा उल्लेख केला आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, त्या विष्णुदासी नाटकांतही सूत्रधार, गणपती, सरस्वती याच वाटेने मंचावर येत.

हल्ली भाड्याने केलेल्या संध्याकाळच्या प्रयोगांत आडदशावतार आटोपशीर होतो किंवा गाळलाच जातो. जत्रेत तो पुरा पाहायला मिळतो, आणि जागरण करण्याचे तेच सर्वांत सबळ कारण आहे.

संहितेविना आख्यान

आख्यान पुराणे, रामायण किंवा महाभारतातले असते, पण लिहिलेली संहिता नसते. आज कुठले आख्यान, कोणी काय करायचे, प्रवेशांचा क्रम काय, एवढे रंगपटात, म्हणजे नटांच्या सजण्याच्या जागी ठरते. संवाद मंचावर सुचतात. त्यामुळे एकच आख्यान एकाच कंपनीने दोन गावांत केले तरी दोन वेगळी नाटके होतात. समोरचा नट अडवणारा प्रश्न टाकतो, दुसरा पुराणातला दाखला देऊन त्यातून सुटतो. जाणते प्रेक्षक ही जुगलबंदी ऐकायलाच आलेले असतात. नवख्या नटाचे बिघडते ते इथेच. दाखला आठवला नाही की तो तेच वाक्य घोळवत बसतो, पखवाजी ते ओळखतो आणि थाप मारून त्याला पदाकडे किंवा युद्धनृत्याकडे वळवतो.

मंच म्हणजे जेमतेम काही पावलांची जागा, मागे पडदा, मध्ये एक बाक. तोच सिंहासन, तोच पर्वत, तोच पलंग. एका कडेला तीन वादक : पखवाज, पायपेटी (हार्मोनियम) आणि झांज. पायपेटीचा भाता पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात आणि आवाज उघड्या मैदानात पोहोचतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला प्रयोगाआधी कणीक थापतात. पहाटेच्या दवाने कातडे सैल पडून स्वर उतरतो. मग पखवाजी एका हाताने ठेका धरत दुसऱ्या हाताने हातोडीचे दोन ठोके मारून चामड्याची वादी ताणून घेतो. जवळ बसले तर हे दिसते, लांबून नुसता आवाज पुन्हा वर चढल्यासारखा वाटतो.

रंगभूषा प्रत्येक नट स्वतः करतो. हातात आरसा, समोर सफेता, कुंकू, काजळ. स्त्रीपार्टी नट गंगावन बांधून, नऊवारी नेसून, वेणीत खरी फुले माळतो. प्रवेशाआधी तो पेटाऱ्याला हात जोडतो. या वेताच्या पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा आणि साजसरंजाम असतो. गाड्या नव्हत्या त्या काळी नट हा पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जात. रंगपटात डोकावायचे तर आधी विचारावे आणि पेटाऱ्याला हात लावू नये. तो त्यांचा देव आहे.

मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, आरोलकर, खानोलकर ही जुन्या कंपन्यांची नावे. कुठल्या देवळाची जत्रा कुठल्या कंपनीकडे, हे अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. अलीकडे ‘ट्रिकसीन’ दशावतारात विजेचे खेळ, धूर, चालता नाग असे देखावे आले, आणि निरनिराळ्या कंपन्यांतले नामवंत एकत्र आणणारे ‘संयुक्त’ प्रयोगही होतात. गर्दी त्यांना मोठी होते. तरी नटाची उत्स्फूर्त बोली ऐकायची तर साधा प्रयोगच सरस, कारण देखाव्यांची वेळ सांभाळताना संवादाला मोकळीक उरत नाही.

तिकीट नसते. नाटकाच्या मध्ये आरतीचे ताट प्रेक्षकांत फिरते, त्यात यथाशक्ती टाकावे. नटाच्या डोळ्यांवर मोबाइलचा झोत किंवा फ्लॅश मारू नये. युद्धनृत्यात गिरक्या घेणारा नट त्याने दिपला की बाकावर आदळतो.

उजाडता उजाडता दहीहंडी फुटते, काल्याचा प्रसाद वाटला जातो आणि जत्रा संपते.

खाजे आणि जेवण

जत्रेहून परतणाऱ्याच्या हातात खाज्याची पुडी असतेच. शेंगदाण्याचे लाडू आणि खटखटे लाडूही असतात, पण जत्रेची खूण खाजे. बेसनात हळद, मीठ आणि थोडे कडकडीत तेल घालून पीठ घट्ट मळतात, करंगळीपेक्षा बारीक कांड्या पाडतात आणि मंद आचेवर आतपर्यंत खुसखुशीत तळतात. आच मोठी असली तर बाहेरून लाल, आतून मऊ राहते, आणि दुसऱ्या दिवशी ते खाजे चिवट होते. पिठाच्या पाऊणपट ते तेवढाच गूळ घेऊन पाक करतात, त्यात ठेचलेले आले घालतात. पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर त्याची गोळी वळली की कांड्या ओतायच्या आणि थर कोरडा पडेपर्यंत झाऱ्याने सतत परतायच्या. पाक कच्चा राहिला तर कोकणच्या दमट हवेत खाजे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. जास्त शिजला तर थर काचेसारखा होऊन दाताला लागतो. विकत घेताना पुडीतले एक खाजे मोडून पाहावे : कट्‌कन मोडले आणि आल्याचा वास आला तर घ्यावे. हवाबंद डब्यात ते दोन-तीन आठवडे सहज टिकते.

जत्रेच्या दिवशी त्या गावात बहुतेक घरी शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असते : काळ्या वाटाण्याची आमटी, आंबोळ्या, सोलकढी. यजमानाकडे त्या दिवशी मासळीचा आग्रह धरू नये. वडे-सागोती, म्हणजे वडे आणि मटण-कोंबडीचा रस्सा, दुसऱ्या दिवशी.

दिवसा पाहण्यासारखे

जागरणानंतरचा दिवस हलकाच ठेवावा. कुडाळजवळचे पिंगुळी हे ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचे गाव. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वालावलचे लक्ष्मीनारायण मंदिर आणि त्याला लागून असलेला तलाव, १५३० चा धामापूर तलाव, सावंतवाडीच्या राजवाड्यातली गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि चितारआळीतली लाकडी खेळणी ही सगळी तासा-दीडतासाच्या अंतरात येतात. मालवणच्या समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतला. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा लष्करी स्थापत्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

वन्यजीव : कोणते कधी

जत्रांच्या हंगामाशी सर्वांत चांगला मेळ बसतो तो समुद्री कासवांचा. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या थंडीत रात्री किनाऱ्यावर येऊन एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी घालतात. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवमित्र ही अंडी जाळीच्या कुंपणात जपतात आणि पिल्ले पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास समुद्रात सोडली जातात. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिल हा काळ धरावा, तरी अमुक दिवशी पिल्ले निघतीलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. किनाऱ्यावर विजेरी लावू नये : पिल्लू समुद्राच्या उजेडाकडे चालते, आणि जमिनीकडून प्रकाश आला तर उलट दिशेने जाऊन दमते. आखलेल्या दोरीच्या आत पाऊल टाकू नये, वाळूखाली आणखी पिल्ले असू शकतात.

आंबोलीचा हिशेब अगदी उलटा. सावंतवाडीहून ३० किलोमीटरवर, सुमारे ७०० मीटर उंचीवरचे हे गाव बेडूक-सापांसाठी जून ते सप्टेंबरात गाठावे लागते. फक्त याच परिसरात सापडणारा आंबोली भेक, झाडावरून झेपावणारा मलबार उडता बेडूक, मलबार चापडा हा विषारी साप हे भर पावसात, रात्री दिसतात. हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात सापडलेल्या ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ या माशामुळे त्या जागेला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. दशावतार आणि आंबोलीचे बेडूक एकाच सहलीत बसत नाहीत. दोन फेऱ्या कराव्या लागतात.

येणे-जाणे

कोकण रेल्वेची कणकवली, सिंधुदुर्गनगरी, कुडाळ आणि सावंतवाडी ही स्थानके सोयीची. दादरहून तुतारी एक्स्प्रेस थेट सावंतवाडीला येते. गावात जाणारी शेवटची एस.टी. संध्याकाळीच सुटते आणि पहाटे काल्यानंतर परतायला वाहन मिळत नाही. रिक्षावाल्याला रात्रभर थांबण्याचे आधीच सांगून ठेवावे. तो तसाही नाटक बघायला थांबणारच असतो, म्हणून भाडे ठरवताना फार ओढाताण होत नाही.