रेझिनचे दाणे का फुगतात आणि कुठे थांबतात
(सॉफ्टनर, पाण्यातले क्षार काढणारा डीएम प्लांट आणि रिअ‍ॅक्शनसाठी रेझिन घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या डाइंगमध्ये बोअरचे जड पाणी मऊ करणारे रेझिन (बारीक प्लास्टिक दाणे) असो, की चिंचोली एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणून जाणारे, दोन्हींचा सांगाडा बहुतेक वेळा एकच असतो: पॉलिस्टायरिन. "दाणे फुगलेत, माल बदलून द्या," असे आम्हाला वरचेवर ऐकायला मिळते. फुगणे हा दोष नाही. जेल प्रकारचे (कायमची छिद्रे नसलेले) रेझिन फुगल्याशिवाय कामच करत नाही, कारण त्याच्या कामाच्या जागा दाण्याच्या आत असतात. मात्र किती फुगावे याला हिशेब आहे आणि तो प्रत्येक ग्राहकाला माहीत असावा असे आम्हाला मनापासून वाटते.

साध्या पॉलिस्टायरिनपासून सुरुवात करू. थर्मोकोल म्हणजे हवा भरून फुलवलेले पॉलिस्टायरिन. ते टोल्युइनमध्ये किंवा इथाइल ॲसिटेटमध्ये टाकले की पूर्ण विरघळते. पाण्यात आणि मिथेनॉलमध्ये त्याला काही होत नाही. रसायनशास्त्रात यासाठी विद्राव्यता-अंक वापरतात: पॉलिस्टायरिनचा साधारण 18.6, टोल्युइनचा 18.2, मिथेनॉलचा 29.6, पाण्याचा जवळजवळ 48. अंक जवळ तर मैत्री, लांब तर नाही. पण एवढ्यावर विसंबू नका. ॲसिटोनचा अंक 20 च्या आसपास आहे, तरी थर्मोकोल त्यात नीट विरघळत नाही. हवा निघून जाते आणि तळाशी मऊ चिकट गोळा उरतो. तापमानाचाही हात असतो. सायक्लोहेक्झेन हे पॉलिस्टायरिनसाठी साधारण 34 ते 35 अंशांच्या वर चांगले द्रावक ठरते, खाली नाही. म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यात जे द्रावण स्वच्छ दिसते, तेच जानेवारीच्या पहाटे गढूळ होऊ शकते.

आता याच स्टायरिनमध्ये थोडे डायव्हिनाइलबेंझिन (डीव्हीबी) मिसळून पॉलिमर केले, की साखळ्या एकमेकींना जागोजागी जोडल्या जातात. सुट्या सुताची लडी सोडवली तर धागे वेगळे होतात; त्याच सुताला गाठी मारून जाळे केले तर ते ताणले जाते, पण सुटत नाही. द्रावक आत शिरते, साखळ्यांना एकमेकींपासून दूर ढकलते. जोड त्यांना मागे ओढतात. ढकलणे आणि ओढणे सारखे झाले की फुगणे थांबते. दाणा विरघळत नाही, कितीही दिवस ठेवा. अगदी नगण्य डीव्हीबीनेसुद्धा विरघळणारे पॉलिस्टायरिन नुसते फुगणारे होते, हे हर्मान स्टाउडिंगर यांनी 1930 च्या दशकात दाखवले. त्यांना 1953 मध्ये नोबेल मिळाले.

म्हणून रेझिन घेताना डीव्हीबीचा टक्का विचाराच. 1 टक्का डीव्हीबीचे साधे, सल्फोनेट न केलेले (पाणी ओढणारे सल्फोनिक गट न बसवलेले) रेझिन टोल्युइन, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये कोरड्या आकारमानाच्या सुमारे पाचपट होते, डीएमएफमध्ये (डायमिथाइलफॉर्मामाइडमध्ये) साडेतीनपट, आणि मिथेनॉलमध्ये जवळपास जैसे थे. रॉबर्ट मेरीफील्ड यांनी 1963 मध्ये दाण्यावर पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) बांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांना 1984 चे नोबेल मिळाले. आज या कामाला बहुतेक 1 टक्क्याचे रेझिन वापरतात, कारण रसायन आतपर्यंत पोचायला ते पुरेसे उघडते. टक्का वाढवला की दाणा टणक होतो आणि फुगणे भराभर कमी होते. न फुगवणाऱ्या द्रावकात काम करायचे असेल तर मॅक्रोपोरस रेझिन घ्या. त्यात डीव्हीबी जास्त असते आणि कायमची छिद्रे असतात, त्यामुळे ते फुगण्यावर अवलंबून राहत नाही.

एक धोका ठळकपणे सांगतो. कमी डीव्हीबीचे कोरडे रेझिन काचेच्या कॉलममध्ये ठासून भरून वरून टोल्युइन सोडू नका. दाण्यांना जागा मिळाली नाही तर काच फुटते, आणि पसरणारे द्रावक ज्वालाग्राही असते. रेझिन आधी उघड्या भांड्यात पुरते फुगवा, मग ओतून भरा. नव्या द्रावकात किती फुगेल हे पाहायला मोजपात्रात थोडे कोरडे रेझिन घ्या, पातळी लिहून ठेवा, भरपूर द्रावक घाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पातळी बघा. हे हवेशीर जागी आणि आगीपासून दूर करा.

सॉफ्टनरवाल्यांचे गणित थोडे वेगळे. त्यांच्या दाण्यात साधारण 8 टक्के डीव्हीबी असते आणि त्यावर सल्फोनिक गट बसवलेले असतात. पाण्याशी वाकडे असलेले पॉलिस्टायरिन या गटांमुळे पाणी ओढते. तयार रेझिनच्या वजनात 45 ते 50 टक्के पाणीच असते. रेझिन पुन्हा ताजे करायला दिलेल्या मिठाच्या पाण्यात दाणा थोडा आकसतो, धुतल्यावर पुन्हा फुलतो. डीएम प्लांटमध्ये ताजे करायला मिठाऐवजी ॲसिड दिल्यावर तो सोडियम रूपाच्या (मिठाने ताज्या केलेल्या दाण्याच्या) मानाने साधारण 5 ते 10 टक्के मोठा होतो. ही ये-जा जितकी हळू, तितके दाणे कमी तडकतात; म्हणून मिठानंतर पहिले धुणे घाईने करू नका. व्हेसलमध्ये (रेझिनच्या टाकीत) वर जागा रिकामी सोडतो ती या फुगण्यासाठी आणि बॅकवॉशसाठी (खालून उलटे पाणी सोडून धुण्यासाठी). तिथे जादा रेझिन भरायचा आग्रह कृपया धरू नका.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये उघडी राहिलेली पिशवी वाळते. वाळलेल्या दाण्यांवर थेट पाणी घातले तर ते एकदम फुगून फुटतात आणि चुरा नोझलमध्ये अडकतो. आधी मिठाच्या संपृक्त पाण्यात काही तास भिजवा, मग पाणी वाढवत मीठ कमी करत जा.

फुगण्याची खरी काळजी करायची वेळ मात्र वेगळी असते. पाण्यातला क्लोरीन जोड हळूहळू तोडतो, आणि लोह असेल तर अधिक वेगाने. जोड तुटले की दाणा जास्त पाणी पितो, मऊ होतो, दाबाखाली चपटा होतो. तुम्हाला ते असे दिसते: व्हेसलमधली पातळी चढलेली, प्रेशर ड्रॉप (रेझिनमधून जाताना पाण्याच्या दाबात होणारी घट) वाढलेला, मीठ तेवढेच लागते पण मऊ पाणी कमी मिळते. दोन बोटांत दाणा दाबला की लगदा होतो. हे मीठ वाढवून सुधारत नाही. क्लोरीन टाकलेले पाणी वापरत असाल तर सॉफ्टनरच्या आधी कार्बन फिल्टर बसवा.

शंका आली तर पाव लिटर रेझिन व्हेसलच्या मध्यातून काढून, पाण्यात बुडवूनच, बंद बरणीत आणा. सोबत रेझिन कोणत्या वर्षी भरले, पाणी नळाचे की बोअरचे, आणि एका वेळी मीठ किती किलो देता, एवढे लिहून द्या. ओलाव्याची चाचणी आम्ही विनाशुल्क करून देतो. ओलावा 60 टक्क्यांच्या वर गेला असेल तरच रेझिन बदलायला सांगू.