मांडुळाला तोंड एकच असतं

‘दुतोंडी मांडूळ घरात ठेवलं की धनलाभ, जितकं वजनदार, तितके जास्त कोटी,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. प्रत्यक्षात मांडुळाची शेपूट बोथट असते आणि डिवचलं की ते डोकं लपवून तीच वर धरतं. लांबूनच नीट पाहा: बारीक डोळे आणि लपलपणारी जीभ एकाच टोकाला दिसेल. शिवाय, धन आणणारा साप कुणी विकायला काढेल का?

मांडूळ बिनविषारी आहे. सीना नदीकाठच्या भुसभुशीत मातीत ते उंदीर खातं, म्हणजे आपली ज्वारीच राखतं. ते पकडणं, विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. रात्री कुणी अनोळखी बांध उकरताना दिसलं, तर एकट्याने अडवू नका. ११२ वर कळवा.