एका दाराला दोन परवानग्या: कुलूप बसवण्याआधी वाचा

सराफी पेढीतली तिजोरीची खोली, हॉस्पिटलातलं मॉर्फिन, फेंटानिल अशा नियंत्रित औषधांचं कपाट, कॉलेजात प्रश्नपत्रिका ठेवायची खोली, भोसरी-चाकणच्या कारखान्यातली महागड्या टूल्सची खोली. अशा दारांसाठी आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक एकच गोष्ट मागतात, “एकट्या माणसाला उघडता येणार नाही असं कुलूप द्या.” असं कुलूप मिळतं, आम्ही ते बसवतोही. पण ते विकत घेण्याआधी काही गोष्टी ठरवाव्या लागतात आणि त्या तुमच्याशिवाय दुसरं कोणी ठरवू शकत नाही. हे पत्रक त्यासाठी आहे.

माणूस एक की माणसं दोन?

दोन परवानग्यांचं कुलूप म्हणून बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एकीत माणूस एकच असतो आणि तो दोन खुणा देतो. आधी कार्ड दाखवतो, मग पिन दाबतो, किंवा बोट लावून पिन दाबतो. कार्ड हरवलं आणि भलत्याच्या हाती गेलं तरी पिन ठाऊक नसल्यामुळे दार उघडत नाही. ऑफिसच्या सर्व्हर रूमला किंवा रेकॉर्ड रूमला एवढं बहुधा पुरतं.

दुसऱ्या प्रकारात दोन वेगळी माणसं लागतात. मॅनेजरने कार्ड लावलं तरी दार बंदच राहतं. कॅशियरने किंवा मालकांच्या घरच्या कोणी लगेच आपलं कार्ड लावलं तरच बोल्ट (कुलपाचा दांडा) सुटतो. मौल्यवान माल, रोकड, नियंत्रित औषधं आणि प्रश्नपत्रिका यांच्यासाठी आमचा आग्रह याच प्रकाराचा असतो. कारण फक्त चोरीचं नाही. एकाच माणसाकडे किल्ली असली की काही कमी-जास्त झाल्यावर पहिला संशय त्याच्यावर जातो, आणि वर्षानुवर्षं इमानाने काम केलेल्या माणसाला त्याचा फार त्रास होतो. दोघांशिवाय दार उघडतच नसेल तर त्या माणसालाही आधार मिळतो. आपल्या नोकरांवर विश्वास नाही असं दिसेल, या संकोचाने काही मालक मागे हटतात. त्यांनी हे त्या नोकरांनाच विचारून पाहावं.

ही पद्धत आपल्याकडे नवीन नाही. बँकेचा लॉकर उघडायला बँकेची किल्ली आणि तुमची किल्ली अशा दोन्ही लागतात. मतदान झाल्यावर यंत्रं ज्या स्ट्राँग रूममध्ये ठेवतात तिला निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे दुहेरी कुलूप असतं आणि त्या किल्ल्या वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. कितीतरी देवस्थानांत दानपेटीला दोन कुलपं असतात आणि दोन विश्वस्त समोर असल्याशिवाय ती उघडत नाहीत.

साध्या कुलपांनी काम भागत असेल तर तेच करा

दार दिवसातून एकदा-दोनदाच उघडत असेल तर इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर खर्च करू नका. एक चांगलं मॉर्टाइस (दाराच्या जाडीत कोरून बसवायचं) कुलूप आणि त्याच्या वर दुसऱ्या कंपनीचं किंवा दुसऱ्या मालिकेचं कुलूप, दोन किल्ल्या दोघांकडे, एवढ्याने काम होतं. पुण्यातल्या बोहरी आळीच्या बाजारातून एकाच पेटीतली दोन कुलपं घेताना मात्र एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही ना, हे दुकानातच पाहा. काही संच मुद्दाम एका किल्लीचे बनवलेले असतात. किल्ली साधी असेल तर रस्त्यावरचा किल्लीवाला लगेच तिची नक्कल करून देतो, म्हणून कुलपासोबत येणारी ओळखपत्रिका दाखवल्याशिवाय डुप्लिकेट बनत नाही असा सिलेंडर (कुलपातला किल्ली फिरते तो भाग) घ्यावा. त्याचे दोन पैसे जास्त जातात, पण ते योग्य जागी जातात.

दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवल्या आणि तो जुडगा गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, तर दोन कुलपं असूनही परवानगी एकच उरते. हे आम्हाला वारंवार दिसतं, आणि तेही चांगल्या, जुन्या पेढ्यांत. सोय म्हणून एक दिवस केलेली गोष्ट मग कायमची होऊन बसते.

इलेक्ट्रॉनिक कुलूप: नेमकं काय होतं

दाराबाहेर रीडर असतो, आत भिंतीवर कंट्रोलरची पेटी आणि चौकटीत कुलूप. पहिलं कार्ड लावलं की रीडर बीप करतो आणि दिवा लुकलुकायला लागतो. कंट्रोलर दुसऱ्या कार्डाची वाट पाहत असतो. ही मुदत आपण ठरवायची, आम्ही साधारण दहा ते पंधरा सेकंद ठेवतो. तेवढ्यात दुसरं योग्य कार्ड आलं तर रिले (कुलपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) ओढला जातो, कुलूप सुटतं आणि नोंदवहीत दोघांची नावं वेळेसकट पडतात. नाही आलं तर पहिली परवानगी रद्द होते आणि तो अर्धवट प्रयत्नही नोंदला जातो. रात्रीच्या अशा अर्धवट नोंदी मालकांनी आवर्जून पाहाव्यात.

घेताना विक्रेत्याला एक प्रश्न विचारा. यंत्र कुठलीही दोन वेगळी कार्डं चालवून घेतं, की एक कार्ड ‘अ’ गटातलं आणि दुसरं ‘ब’ गटातलंच लागतं? स्वस्त यंत्रांत बहुधा गट नसतात. मग दोन शिकाऊ पोरंही मिळून तिजोरीची खोली उघडू शकतात, किंवा एका माणसाकडे जुनं आणि नवं अशी दोन कार्डं असतील तर तो एकटाच उघडतो. बदललेलं कार्ड त्याच दिवशी यंत्रातून काढून टाकायला हवं.

कार्डांचाही दर्जा कमी-जास्त असतो. १२५ किलोहर्ट्झची जाड पांढरी कार्डं अजून सर्रास विकली जातात. त्यांची नक्कल करणारं यंत्र सहज मिळतं आणि काम काही सेकंदांत होतं. १३.५६ मेगाहर्ट्झमध्येही मायफेअर क्लासिक या जुन्या जातीच्या कार्डातलं सांकेतिक संरक्षण २००८ मध्येच संशोधकांनी फोडलं होतं. किमती मालाच्या दाराला डेसफायर या जास्त सुरक्षित जातीची कार्डं घ्या. तो फरक काही शंभरांचा असतो, आणि तिथे काटकसर करू नये.

वायरिंग: इथेच सगळं बिघडतं

की-पॅड, रीडर आणि रिले एकाच डबीत असलेली यंत्रं लोकांना आवडतात, कारण ती बसवायला सोपी. पण ती डबी दाराच्या बाहेर असते. चार स्क्रू काढून मागच्या दोन तारा एकमेकींना लावल्या की दार उघडतं. कार्ड नको, पिन नको, दुसरा माणूसही नको. म्हणून कुलपाच्या तारा बाहेरच्या डबीत नेऊच नयेत. बाहेरच्या रीडरने फक्त नंबर आत पाठवायचा आणि निर्णय आतल्या कंट्रोलरने घ्यायचा. आधी कोणाकडून काम करून घेतलं असेल तर हे एकदा उघडून तपासा. कंट्रोलरची पेटी त्याच बंद खोलीत हवी, बाहेरच्या पॅसेजमध्ये नको.

चुंबकी कुलूप लावताना दारावरची लोखंडी पट्टी रबरी वॉशरवर थोडी हलती ठेवावी लागते. म्हणजे ती चुंबकाला पूर्ण चेहऱ्याने चिकटते. पट्टी घट्ट पिळून बसवली तर ती तिरकी टेकते, आणि कागदावर २८० किलोची म्हणून घेतलेली पकड खांद्याच्या एका धक्क्याने सुटते. आमचा कारागीर पट्टी बसवून झाल्यावर तिला बोटाने हलवून दाखवेल. ती हलली म्हणजे काम ढिलं झालं असं समजू नका, ती तशीच हवी. याशिवाय कुलपाच्या दोन तारांवर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लागतो. तो नसेल तर कुलूप सुटताना उलटा येणारा विजेचा झटका काही महिन्यांत कंट्रोलरचा रिले जाळतो.

पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या सागवानी दारांबद्दल वेगळं सांगायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगतं आणि दार चौकटीत दाबून बसतं. अशा दाराला बोल्टचं इलेक्ट्रॉनिक कुलूप लावलं तर पावसाळ्यात बोल्ट भोकात अडकतो आणि मोटर किंवा सॉलेनॉइड (विजेने बोल्ट ओढणारी गुंडाळी) कुरकुरत राहतो. म्हणून आम्ही आधी सुताराला बोलावून दार तासून घेतो, बिजागऱ्या पाहतो, आणि मगच मापं घेतो. सुताराचं काम टाळून कुलूप बसवून द्या, असं कृपया सांगू नका.

वीज गेली तर?

पुण्यात गुरुवार म्हटलं की महावितरणच्या देखभालीची आठवण होते. वीज जाणार हे धरूनच कुलूप निवडावं. चुंबकी कुलूप विजेवर धरून ठेवतं, त्यामुळे वीज गेली की सुटतं. सॉलेनॉइड बोल्ट आणि इलेक्ट्रिक स्ट्राइक (चौकटीतली विजेवर सुटणारी खाच) दोन्ही प्रकारचे मिळतात. काही वीज गेल्यावर उघडतात, काही बंदच राहतात. तिजोरीच्या खोलीला बंद राहणारं घ्यावं. चुंबकी कुलूपच हवं असेल तर बॅटरी लागते. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची नवी बॅटरी एक चुंबक, कंट्रोलर आणि दोन रीडर साधारण पाच-सहा तास चालवते. बॅटरी जुनी झाली की हा वेळ घटत जातो, म्हणून दोन वर्षांनी ती बदलावीच.

बाहेर येण्यासाठी कोणाचीही परवानगी नको

याबाबत आम्ही तडजोड करत नाही. दोन परवानग्या फक्त आत जाण्यासाठी. आतल्या माणसाला एका हाताने, किल्लीशिवाय आणि वीज असो वा नसो, बाहेर पडता आलं पाहिजे. चुंबकी कुलपाला आतून बटण आणि त्याशिवाय काच फोडून थेट वीज तोडणारी हिरवी पेटी, बोल्टच्या कुलपाला आतून यांत्रिक हँडल. इमारतीत आगीची सूचना देणारी यंत्रणा असेल तर बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या दारांची कुलपं तिला जोडली पाहिजेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मालकावर जबाबदारी टाकतोच, पण कायदा नसता तरी आम्ही हेच म्हटलं असतं. तिजोरीच्या खोलीत संध्याकाळी माल मोजणारा माणूस आत असताना बाहेरून कोणी दार लोटून गेलं, तर त्याला कोणाच्या कार्डाची वाट पाहावी लागू नये.

बोटांचे ठसे

ठशाने एक फायदा निश्चित होतो. कार्ड मित्राकडे देता येतं, बोट देता येत नाही. पण सराफाकडचे कारागीर, वर्कशॉपमधले फिटर, दिवसभर भांडी घासणाऱ्या मावशी यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र त्यांना ओळखत नाही आणि माणूस दारासमोर चारचौघांत अवघडून उभा राहतो. अशा ठिकाणी कार्ड आणि पिन ठेवा. ठसे घेणार असाल तर कशासाठी घेताय आणि कुठे साठवताय हे कामगारांना सांगून त्यांची लेखी संमती घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. नोकरी सोडलेल्या माणसाचा ठसा यंत्रात ठेवू नका.

मागचं दार

बऱ्याच इलेक्ट्रॉनिक कुलपांत झाकणाखाली एक लपलेलं किल्लीचं भोक असतं. बॅटरी संपली तर वापरायचं. ती एक किल्ली ज्याच्याकडे, त्याच्यासाठी तुमच्या दोन्ही परवानग्यांना काही अर्थ नाही. ती पाकिटात घालून, पाकिटावर दोघांच्या सह्या घेऊन, तिसऱ्या जागी ठेवावी. बँकेचा लॉकर उत्तम. तीच गोष्ट सॉफ्टवेअरच्या पासवर्डची. तो ज्याच्याकडे असतो तो नवी दोन कार्डं स्वतःच बनवू शकतो. म्हणून दार उघडणाऱ्या दोघांपैकी कोणाकडेही तो नसावा, आणि कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड आमचा माणूस निघण्याआधी तुम्ही स्वतः बदलावा. आम्हाला तो सांगू नका.

शक्य असेल तिथे धोक्याचा पिनही ठेवून घ्या. कोणी धाक दाखवून दार उघडायला लावलं तर हा वेगळा पिन दाबायचा. दार नेहमीसारखं उघडतं, पण मालकांच्या फोनवर इशारा जातो. हा पिन सगळ्यांना शिकवावा लागतो, नाहीतर ऐन वेळी आठवत नाही.

दोघांपैकी एक रजेवर असेल तर

प्रत्येक गटात किमान दोन नावं ठेवा. ‘अ’ गटात मालक आणि घरचं एक माणूस, ‘ब’ गटात मॅनेजर आणि एक जुना विश्वासू कर्मचारी, असं केलं की कोणी गावी गेलं, आजारी पडलं तरी दार अडत नाही. एकाच घरातले दोघं वेगवेगळ्या गटांत घालू नका. दोघं एकत्रच लग्नाला जातात.

सराफांनी सणाचाही विचार करावा. धनत्रयोदशीला किंवा गुरुपुष्याला दिवसभरात पन्नास वेळा आत जावं लागलं तर दर वेळी दोन कार्डं कोणी लावणार नाही. दाराला खुर्ची लावून ते उघडं ठेवलं जाईल. त्यापेक्षा वेळापत्रक लावून घ्या. सकाळी पहिल्यांदा उघडताना दोघं, दुपारभर एक कार्ड आणि पिन, दुकान बंद झाल्यापासून पुन्हा दोघं. आणि दार अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त उघडं राहिलं तर वाजणारा बझर हवाच.

आमचा माणूस जागा पाहायला येण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. दार दिवसातून साधारण किती वेळा उघडतं, दोन्ही गटांत कोणाकोणाची नावं असतील, आणि पासवर्ड कोणाकडे राहील. दाराची, चौकटीची आणि भिंतीची मापं आम्ही घेऊ. नावं ठरली नसतील तर भेट आठवडाभर पुढे ढकलली तरी चालेल, तेवढं बिलावरच्या नंबरवर कळवा.