बीथोव्हेनच्या कानांत नेमके काय बिघडले होते?

१९७७ साली अंतराळात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत फोंडा तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, हे गोव्यात अभिमानाने सांगितले जाते. त्याच तबकडीतील संगीताचा शेवट ज्या रचनेने होतो, तिच्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. जर्मन संगीतकार बीथोव्हेनच्या तेराव्या स्ट्रिंग क्वार्टेटमधील (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेतील) ‘काव्हातिना’ हा तो भाग १८२५ सालचा असून तोवर त्याला प्रत्यक्ष संगीत ऐकू येणे जवळजवळ संपले होते.

ही गोष्ट बहुधा इच्छाशक्तीचा चमत्कार म्हणून रंगवली जाते, पण त्याची स्वतःची पत्रे त्याहून कितीतरी अधिक सांगतात. २९ जून १८०१ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने फ्रान्त्स वेगेलर या आपल्या डॉक्टर मित्राला लिहिले की नाट्यगृहात थोडे लांब बसले तर वाद्यांचे आणि गायकांचे वरचे स्वर ऐकू येत नाहीत, हळू बोलणाऱ्याचा आवाज कळतो पण शब्द कळत नाहीत, कोणी ओरडले तर मात्र ते असह्य होते आणि कानांत रात्रंदिवस गुणगुण चालू असते. आजच्या कानाच्या डॉक्टरला रुग्णाकडून याहून नेमकी माहिती क्वचितच मिळत असेल.

आपल्या आतल्या कानात कॉक्लिया नावाची वेटोळी नळी असते. तिच्यातील सुमारे ३५ मिलिमीटर लांबीच्या पडद्यावर ध्वनीच्या वेगवेगळ्या कंपनसंख्यांच्या जागा पेटीच्या पट्ट्यांसारख्या क्रमाने ठरलेल्या असतात. वरच्या स्वरांची जागा नळीच्या तोंडापाशी आणि खर्जाची आतल्या टोकाशी. त्या पडद्यावरील केसपेशी कंपनांचे विद्युतसंकेतांत रूपांतर करतात. माणसाच्या एका कानात त्या साधारण १५ हजार असतात आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बहुतेक वेळा तोंडाकडच्या पेशी आधी जातात, म्हणून वरचे स्वर आधी हरवतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ या व्यंजनांची ओळख मुख्यतः उच्च कंपनसंख्यांवर अवलंबून असल्याने आवाज ऐकू येऊनही शब्द निसटतात. बाहेरच्या रांगांतील केसपेशींचे काम मंद ध्वनी वाढवण्याचे असते. त्या निकामी झाल्या की हळू आवाज नाहीसा होतो, मोठा आवाज मात्र जवळपास पूर्वीइतकाच मोठा लागतो. घरातील वृद्ध आधी ‘मोठ्याने बोल’ म्हणतात आणि मग ‘ओरडतोस कशाला’ म्हणून रागावतात, त्याचे कारण हेच.

उपचार म्हणून बीथोव्हेनला कानांत बदामाचे तेल, डॅन्यूबच्या कोमट पाण्याची स्नाने आणि दंडावर फोड आणणारी एका झाडाची साल एवढे मिळाले. ऑक्टोबर १८०२ मध्ये व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट येथून भावांना उद्देशून लिहिलेल्या, पण कधीच न पाठवलेल्या पत्रात त्याने आत्महत्येचा विचार कलेमुळेच टळला असे नोंदवले आणि मृत्यूनंतर आपल्या आजाराचे वर्णन डॉक्टरांनी जाहीर करावे, अशी इच्छाही व्यक्त केली.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या क्वार्टेटमधील पहिल्या व्हायोलिनचे १५६८ हर्ट्झच्या वरचे स्वर मोजले गेले. श्रवणशक्ती घटत असताना त्यांचे प्रमाण कमी होत गेले आणि ऐकणे जवळजवळ बंद झाल्यावरच्या रचनांत ते पुन्हा वाढले. जोवर तो कानांवर विसंबत होता तोवर ऐकू येणाऱ्या पट्टीकडे झुकत राहिला आणि कानांचा भरवसा सुटल्यावर सगळी सप्तके त्याला पुन्हा मोकळी झाली, असा याचा अर्थ लावता येतो. रचना थोड्या आहेत आणि शैलीही बदलत होती, हे लक्षात घेऊनही मला हा अर्थ पटण्याजोगा वाटतो.

ऐकू येत नसतानाही रचना करणे शक्य होते, कारण स्वरांची कल्पना करतानाही मेंदूचा श्रवणाशी निगडित भाग सक्रिय होतो, असे मेंदूच्या प्रतिमाचित्रणात दिसले आहे. गोव्याला हे नवीन वाटू नये. चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवण्याची परंपरा येथे जुनी आहे आणि याच मातीतल्या, माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संयोजकांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदाचे संगीत वाजण्याआधीच कागदावर उतरवले. बीथोव्हेन तर तेराव्या वर्षी बॉनच्या दरबारात साहाय्यक ऑर्गनवादक झाला होता. कान बिघडण्यापूर्वीच त्याच्या मेंदूत स्वरांचा मोठा साठा जमलेला होता.

१८१८ पासून भेटायला येणारे लोक आपले म्हणणे वहीत लिहीत आणि तो बहुधा तोंडी उत्तर देई. त्यामुळे उरलेल्या वह्यांत संवादाची मुख्यतः एकच बाजू सापडते.

२६ मार्च १८२७ रोजी तो वारला. दुसऱ्या दिवशीच्या शवविच्छेदनात श्रवणाच्या नसा आक्रसलेल्या आढळल्या. २०२३ साली त्याच्या केसांतील डीएनए तपासला गेला, तेव्हा यकृताच्या आजाराची आनुवंशिक जोखीम आणि हिपॅटायटिस बीचा संसर्ग दिसला, पण बहिरेपणाचे कारण मिळाले नाही. ज्या बटेवरून पूर्वी शिशाच्या विषबाधेचा निष्कर्ष काढला होता, ती तर एका स्त्रीची निघाली! गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी दोन अस्सल बटांतही शिसे भरपूर सापडले: दर ग्रॅममागे २५८ आणि ३८० मायक्रोग्रॅम, जेव्हा सामान्य प्रमाण ४ पेक्षा कमी असते. शिशाने नसांना इजा होते, त्यामुळे बहिरेपणात त्याचा वाटा असू शकतो. एकट्या शिशाला मात्र दोषी धरता येत नाही. कॉक्लिया ज्यांच्या आत असते, ती कानांमागची हाडे शवविच्छेदनाच्या वेळीच अभ्यासासाठी काढून घेतली गेली होती आणि ती पुढे हरवली.