पाचवीच्या दिवशी आईचाही रक्तदाब मोजा

पंचवटीत माझ्या बहिणीच्या घरी नातवाची पाचवी होती. पाटा-वरवंटा मांडला होता, सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, घर माणसांनी भरलं होतं. भाची आतल्या खोलीत कानाला स्कार्फ बांधून पडलेली. "मावशी, सकाळपासून डोकं ठणकतंय गं," म्हणाली. बायकांकडे कारणं तयार होती: जागरण झालंय, वारं लागलं असेल, दूध उतरतंय. मला मात्र तिच्या फाइलमधला नवव्या महिन्यातला १४४/९४ हा आकडा आठवला. मेहुण्यांचं बीपीचं मशीन काढलं, तिला पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसवलं आणि पट्टा बांधला. १६४/१०८. पंधरा मिनिटांनी पुन्हा, १६२/१०६. पूजा तशीच ठेवून आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी घरी सोडताना मिळालेल्या कागदावर बाळाच्या लसीची तारीख होती. आईचा रक्तदाब पुन्हा कधी मोजायचा, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तो आकडा नेमका पाचवीलाच वाढला, हा योगायोग नाही. गरोदरपणात अंगात साठलेलं जादा पाणी आणि क्षार बाळंतपणानंतर पुन्हा रक्तात ओढले जातात, आणि मग लघवीवाटे बाहेर पडतात. त्यामुळे बाळंतिणीचा रक्तदाब साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. नेमका तोवर तिला घरी सोडलेलं असतं आणि घरातल्या सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे लागलेले असतात.

या आजाराचं नाव प्री-एक्लॅम्पसिया, आणि त्याचं मूळ वारेत, म्हणजे आईच्या रक्तातून गर्भाला पोषण पुरवणाऱ्या अवयवात आहे. नाशिकच्या माणसाला ते कांद्याच्या वाफ्यावरून लगेच समजेल. दारं धरणारा माणूस पाटाचं पाणी रुंद वाट करून सावकाश आत घेतो, म्हणजे वाफा सगळीकडे सारखा भिजतो. तेच पाणी अरुंद नळीतून जोरात सोडलं तर माती उकरली जाते आणि लांबचा कोपरा कोरडा राहतो. गर्भाशयाच्या भिंतीत पीळदार धमन्या असतात. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत वारेच्या पेशी त्यांच्यात शिरतात, त्यांचा स्नायूंचा थर मोडून काढतात आणि त्यांना रुंद, सैल पाट बनवतात. काही जणींच्या बाबतीत हे काम अर्धवट राहतं. धमन्या अरुंदच राहतात, रक्ताचा मारा होतो, वारेला नीट पोषण मिळत नाही आणि ती त्रासते.

त्रासलेली वार मग आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते. २००३ मध्ये बोस्टनला काम करणाऱ्या डॉ. अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातलं एक महत्त्वाचं प्रथिन दाखवून दिलं. रक्तवाहिन्यांचं अस्तर शाबूत ठेवणारे घटक हे प्रथिन अडवून धरतं. अस्तर बिघडलं की वाहिन्या आवळतात, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात, यकृताला आणि मेंदूला सूज येऊ शकते. हाच तो प्री-एक्लॅम्पसिया. मेंदूपर्यंत गेलं की येतात ते झटके. वार बाहेर पडली की कारण संपतं, हे खरं. पण बिघडलेलं अस्तर एका रात्रीत दुरुस्त होत नाही. म्हणून झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांत, पण क्वचित त्यानंतरही.

गरोदरपणात १४०/९० किंवा त्याहून जास्त म्हणजे रक्तदाब वाढलेला. १६०/११० ला पोचला की, आणि यातला कुठलाही एक आकडा पुरेसा आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वाढ विसाव्या आठवड्याआधीच दिसली तर रक्तदाब बहुधा आधीपासूनचा असतो. नंतर दिसली तर गरोदरपणाने आणलेला. गंमत अशी की गरोदरपणाच्या मध्यावर रक्तदाब नैसर्गिकपणे थोडा उतरतो आणि आधीपासूनचा आजार झाकला जातो. म्हणूनच पहिल्या दोन-तीन महिन्यांतला आकडा फार मोलाचा. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या महिन्यात माहेरी जाते, डॉक्टर बदलतात आणि तो आकडा सासरच्या कपाटात राहतो. माहेरच्या पिशवीत सगळ्यात आधी माता-बाल कार्ड आणि फाइल घाला.

ज्यांना आधीच्या खेपेला हा त्रास झाला होता, ज्यांना जुना रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, किंवा जुळी आहेत, त्यांना डॉक्टर बाराव्या आठवड्याच्या सुमारास ॲस्पिरिनची छोटी मात्रा सुरू करतात. वार रुजत असतानाच ती द्यावी लागते; आठव्या महिन्यात तिचा उपयोग नाही. स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नये. आहारात कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियमच्या गोळ्यांनीही धोका घटतो, फक्त त्या लोहाच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत. मीठ एकदम तोडून किंवा दिवसभर झोपून राहून हा आजार टळत नाही.

औषधांच्या बाबतीत महाराष्ट्राने जगाला काही दिलं आहे. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत, अतिशय वाढलेला रक्तदाब असलेल्या ८९४ गरोदर स्त्रियांवर निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथिलडोपा या तीन तोंडाने घ्यायच्या औषधांची तुलना झाली. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही औषधं कामाला आली, निफेडिपिन थोडं सरस ठरलं. सुरगाणा किंवा पेठच्या एखाद्या पाड्यावरून घाट उतरून नाशिकला यायला किती वेळ लागतो हे ज्याला माहीत आहे, त्याला शिरेतून न देता नुसती गिळता येणाऱ्या गोळीचं मोल कळेल. झटके रोखण्यासाठी मात्र मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शनच लागतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतल्या सुमारे १०,००० स्त्रियांवरच्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी नेहमीची रक्तदाबाची औषधं गर्भाला घातक असतात. ती घेणाऱ्या बाईने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यावं.

हा आजार बराच काळ अजिबात दुखत नाही. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, यांतलं काहीही दिसलं तर आधी मशीन आणि लगेच दवाखाना. आकडा बरा आला तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

भाचीला दवाखान्यात इंजेक्शन दिलं, दोन दिवस ठेवून घेतलं आणि गोळ्या सुरू केल्या. अंगावर पाजताना चालतील ना, हा तिचा पहिला प्रश्न होता. डॉक्टरांनी चालणाऱ्याच गोळ्या निवडून दिल्या. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ तिची आई आकडा कॅलेंडरवर लिहीत गेली. सहाव्या आठवड्यात १२२/७८ आला आणि गोळी थांबली. प्री-एक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, म्हणून डॉक्टरांनी दरवर्षी एकदा रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलंय. बहिणीने नातवाच्या वाढदिवसाची तारीख त्यासाठी नेमून टाकली आहे.